दारात आलेला पोलीस

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर ‘आवाज का बसलाय?’ म्हणून विचारलंस. तेव्हा बोलले असते तर रडूच आलं असतं, म्हणून आज लिहिते.

इथे कॅलिफोर्नियात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ‘एव्हरी फिफ्टीन मिनिट्स’ नावाचा दोन दिवसांचा कार्यक्रम असतो. दारू पिऊन चालवलेल्या गाड्यांमुळे दर 15 मिनिटांनी एक जीव जातो, अशी पूर्वी आकडेवारी होती, त्यावरून हे नाव. काळा झगा घातलेला यमदूत वर्गात येतो आणि एकेकाला उठवून नेतो. पोलीस त्या मुलाचा मृत्युलेख वाचून दाखवतो. मग चेहऱ्याला पांढरा रंग फासतात आणि पुढे ते मूल कुणाशी अक्षरही बोलत नाही. यंदा त्यात आमची धाकटी होती.

तो मृत्युलेख आम्हीच लिहून द्यायचा असतो, दादा. ‘तिला पोहायला आवडतं’ असं मी लिहिलं, मग ते खोडून ‘आवडायचं’ केलं. त्या एका शब्दाला अर्धा तास लागला.

दुपारी शाळेसमोर चेपलेल्या दोन गाड्या आणून ठेवल्या होत्या. आत तिच्याच वर्गातली मुलं, खोट्या रक्ताने माखलेली. अग्निशमन दलाने हायड्रॉलिक कटरने खरोखर टप कापला. तो पत्रा फाटल्याचा करकर आवाज ऐकून एरवी दंगा करणारी मुलं चिडीचूप झाली, असं शिक्षिका सांगत होत्या. मी तिथे नव्हते. मी घरी होते आणि दारात टोपी काढून पोलीस उभा होता. सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी त्याने लेकीचं पूर्ण नाव घेतलं तेव्हा माझे पाय लटपटले.

रात्री या मुलांना घरी पाठवत नाहीत, फोनही देत नाहीत. ‘आज मी मेले आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं’ असं सुरू होणारं पत्र आईबाबांना लिहायला लावतात. सकाळी दार आपटून गेले त्याबद्दल सॉरी, असं तिने लिहिलंय. दार आपटलेलं माझ्या लक्षातही नव्हतं.

नुसत्या धसक्यावर माझा फारसा भरवसा नाही, तो महिन्याभरात ओसरतो. त्यापेक्षा इथला नियम मला पटतो: 18 वर्षांखालच्यांना परवान्याआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून 50 तास गाडी चालवावी लागते, त्यातले 10 रात्रीचे. पुढे वर्षभर रात्री 11 ते पहाटे 5 एकट्याने चालवायची नाही आणि मोठं कुणी सोबत नसेल तर विशीच्या आतल्या मित्रमैत्रिणींना बसवायचं नाही. ताशी 30 मैलांनी आदळणं म्हणजे 30 फुटांवरून खाली पडणं, हा हिशेब मात्र तिने स्वतः मांडून मला दाखवला. आमचे 50 तासांपैकी 19 झालेत. शेजारी मीच बसते.

आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा पांढऱ्या चेहऱ्याचं तेवढं गाळ.

तुझी,
छकुली