तिच्या आईचा डबा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन वाक्यांत आटोपलंस. ‘आई, आमचं संपलं. आता विषय काढू नकोस.’ बरं, काढत नाही. पण पत्र लिहिते, कारण पत्राला मध्येच ‘ठेवतो’ म्हणता येत नाही.

का तुटलं, चूक कुणाची, ते विचारणार नाही. ‘मुरांबा’त अलोक आणि इंदूचं तुटतं आणि झोप मात्र आईबाबांची उडते, ते बघताना आपण तिघं किती हसलो होतो! बाबा तर सचिन खेडेकरला सोफ्यावरून सांगत होते, ‘अरे, सोड की पोराला.’ आता तेच बाबा दिवसातून तीनदा विचारतात, ‘काही कळलं का?’

मला खुपलं ते वेगळंच. तू तिला मेसेज टाकून सांगितलंस. तीन वर्षं घरी येत-जात होती ती मुलगी, आणि निरोप काय, तर मेसेज.

माझी निम्मी अक्कल सिनेमातून आलेली, तुला ठाऊक आहे. ‘इजाज़त’ 1987चा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पावसाळी रात्र, स्टेशनची वेटिंग रूम, आणि वेगळे झालेले नवरा-बायको अचानक समोरासमोर. नसीरुद्दीन म्हणजे महेंद्र आणि रेखा म्हणजे सुधा. तेव्हा मला तो फार कळला नाही. आम्ही मैत्रिणी गाण्यांसाठी गेलो होतो. ‘मेरा कुछ सामान’ची गंमत गुलजारांनीच सांगितली आहे. ते शब्द वाचून आर. डी. म्हणाले होते, उद्या तू वर्तमानपत्राचा मथळा आणशील आणि म्हणशील, लाव चाल! खरंच, ती एक यादीच आहे, तुझ्याकडे माझं काय काय राहिलंय त्याची. त्या यादीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गुलजारांनाही आणि आशाबाईंनाही.

मला कळायला वेळ लागला तो शेवट. सकाळी सुधाचा दुसरा नवरा तिला न्यायला येतो. शशी कपूर, पाचच मिनिटं, पण काय माणूस! बॅग उचलून तो निघतो. सुधा मागे थांबते, महेंद्रच्या पाया पडते आणि जायची परवानगी मागते, कारण मागच्या वेळी ती न विचारताच गेली होती. पाया पडण्यावरून आमची तेव्हा बाहेर भांडणं झाली. मला आजही ते पाया पडणं पटत नाही. पण इतक्या वर्षांनीही न घेतलेला निरोप तिला टोचत होता, हे पटतं.

तू म्हणशील, समोर गेलो असतो तर भांडण झालं असतं. होऊ दे की! तूच लावून दिलेल्या ‘मॅरेज स्टोरी’त तो ॲडम ड्रायव्हर बायकोला काय वाट्टेल ते बोलतो, तू मेलीस तर बरं इथपर्यंत जातो, आणि मग तिच्याच पायाशी बसून ढसाढसा रडतो. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते. घटस्फोट टळत नाही. पण मेसेजवर रडणाऱ्याच्या पाठीवर हात कोण ठेवणार?

आणि आपली स्मिता. 1982 या एकाच वर्षात ‘अर्थ’मध्ये ती दुसरी बाई होती आणि ‘उंबरठा’त घर सोडणारी बायको. ‘उंबरठा’ मी लग्नानंतर व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला, बाबा अर्ध्यात घोरायला लागले. सुलभा नोकरी सोडून घरी परतते, तेव्हा तिचा नवरा सांगतो की मधल्या काळात दुसरी कुणीतरी आली आहे. त्याचा मला भयंकर राग आला, अजून येतो. पण सांगितलं त्याने तोंडावर. म्हणून तर तिलाही काय करायचं ते ठरवता आलं, ती पुन्हा बाहेर पडली. ‘अर्थ’मध्ये परत आलेल्या नवऱ्याला, इंदरला, त्याची बायको पूजा विचारते, मी असं वागून आले असते तर तू मला घेतलं असतंस का? तो ‘नाही’ म्हणतो. निदान खरं बोलतो. वितरकांना म्हणे तो शेवट बदलून हवा होता. बरं झालं, महेश भट्ट बधले नाहीत.

तुम्ही परत एकत्र यावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तसं वाटत नाही असंही नाही, पण तो भाग वेगळा. तू एकदा जा, समोर बस, चहा घे आणि तिला काय बोलायचंय ते बोलू दे. उत्तर नसेल तर देऊ नकोस.

आणखी एक काम आहे. दिवाळीला तिने बेसनाचे लाडू आणले होते, तो स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय. झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं आहे. परवा फळीवरून काढला आणि हातात घेऊन उभीच राहिले. रिकामा डबा काही मी परत पाठवणार नाही. शनिवारी शंकरपाळ्या करते, रविवारी येऊन घेऊन जा. कुरियर करायचा नाही. तूच नेऊन द्यायचास.

येताना आले-लिंबू आण, इथे महाग झालंय.

तुझी,
आई