सायलीला सांग, आपलं तळं खणलेलं आहे

सोलापूर
कार्तिकातला शेवटचा सोमवार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचला. आईला दाखवला. हिरवं पाणी, मधोमध बेट, त्यावर देवळासारखं काहीतरी, मागं डोंगर. आईनं चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "आपल्या सिद्धेश्वराला पांढरा रंग कधी दिला रे? आणि हे डोंगर कुठनं आले?" तिला स्लोव्हेनिया समजावता समजावता चहा निवला.

ब्लेडच्या तळ्यात उभ्यानं वल्हवायच्या नावेतून गेलात, ९९ पायऱ्या चढलात, इच्छा धरून चर्चची घंटा वाजवलीस, हे सगळं वाचलं. काय मागितलंस ते मात्र शिताफीनं लिहिलं नाहीस. नवऱ्याच्या आठवणीसाठी विधवेनं ओतवून घेतलेली घंटा वादळात तळाशी गेली आणि अजून पाण्याखालून ऐकू येते, ही गोष्ट मला फार आवडली. पण खरं पत्र पुढंच आहे. तुझ्या पोरीनं, सायलीनं विचारलं, "बाबा, तुमच्याकडंपण तळ्यात देऊळ आहे म्हणता, त्याची काय गोष्ट?" आणि तू "तिथं मोठी जत्रा भरते" एवढं सांगून गप्प बसलास. लाज वाटली म्हणतोस. वाटायलाच पाहिजे बे! मंगळवार पेठेत वाढलास, तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तेवढ्या वर्षांत किती शेंगा खाल्ल्या असतील, आणि गोष्ट माहीत नाही?

म्हणून आज देवळातनं आल्या आल्या लिहायला बसलोय. तिला वाचून दाखव. सोपं करून सांगायचं काम तुझं.

तेव्हा सोलापूर नव्हतं, सोन्नलगी नावाचं गाव होतं. बाराव्या शतकातली गोष्ट. सिद्धराम नावाचं पोरगं, म्हणजेच पुढं आपला सिद्धेश्वर, फारसं न बोलणारं. लोक वेडगळच समजायचे. शेतात राखणीला बसलेलं असताना एक जंगम आला. मल्लय्या. त्यानं हुरडा मागितला, पोरानं दिला. खाऊन झाल्यावर म्हणाला, पोटात आग पडलीय, दहीभात आण. पोरगं पळत घरी गेलं, दहीभात घेऊन आलं, तर शेतात कुणीच नाही. "मल्लय्या, मल्लय्या" करत रडत रानोमाळ फिरलं. वाटेत श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले. मल्लय्याकडं नेतो म्हणाले, आणि मंदिरात नेऊन लिंग दाखवलं. हा म्हणाला, हा दगड आहे, माझा मल्लय्या नाही. शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघाला तेव्हा खुद्द मल्लिकार्जुनानं, म्हणजे श्रीशैलच्या शंकरानं, हात धरला आणि सांगितलं, गावी परत जा, तिथं काम कर.

सुध्या, इथं जरा थांब. देव भेटल्यावर माणसं गुहेत जातात, जटा वाढवतात. हा गावी आला आणि खणायला लागला. लोक जमवले, तळं खणलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली. तुझं ब्लेडचं तळं हिमनदीनं कोरून दिलंय, वर डोंगरावरचा बर्फ आहे. आपल्याकडं काय आहे? काळी जमीन, उनाड पाऊस आणि ज्वारी. आजही आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, उजनी धरण भरलेलं असलं तरी. (हे सायलीला वाचून दाखवू नको. एक वेळ सगळी गोष्ट विसरेल, एवढंच लक्षात ठेवेल.) अशा गावात तळं म्हणजे काय, ते तिकडच्या पोरीला कसं सांगायचं, तूच बघ.

पुढचा भाग मला सगळ्यांत आवडतो. तळ्याचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू तिथं आले. कल्याणच्या (मुंबईजवळचं नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण) शरणांमधले, म्हणजे बसवेश्वरांच्या शिवभक्तांमधले सगळ्यांत तिखट जिभेचे. आल्या आल्या कामावरच्या माणसांना विचारलं, तुमचा तो ओड्ड कुठाय? ओड्ड म्हणजे आपला वडार, माती-दगडाचं काम करणारा. आपल्या गुरूला असं म्हटल्यावर माणसं खवळली आणि दगडफेक सुरू केली. सिद्धरामही चिडून आला. अल्लमप्रभूंचं म्हणणं असं की, तळी खणून, देवळं बांधून माणूस आणखी गुंतत जातो. आत खणायचं सोडून बाहेर काय खणत बसलास? सिद्धरामाला ते पटलं. त्यांच्याबरोबर कल्याणला गेला, तिथं चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली आणि मोठा वचनकार, म्हणजे छोटी भक्तिवचनं रचणारा, झाला. त्याच्या कन्नड वचनांच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा असते. बघ, मल्लय्या शेवटपर्यंत सुटला नाही.

वादात अल्लमप्रभू जिंकले, हे कबूल. पण मला विचारशील तर मी खणणाऱ्याच्या बाजूचा. पुढं सिद्धराम परत इथंच आला आणि ह्याच तळ्यात त्यानं समाधी घेतली. देवळाच्या चौकात आज जिथं आपण डोकं टेकवतो ती तीच. आणि 'ओड्ड' ही शिवी म्हणून फेकलेली असेल, पण त्या माणसाला त्याहून शोभणारी पदवी मला तरी माहीत नाही.

आता कुंभारकन्या. एका मुलीनं हट्ट धरला की लग्न करीन तर सिद्धरामाशीच. तो विरक्त, त्यानं सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. तिनं लावलं. नंतर तिनं होमात उडी घेतली असं सांगतात. जत्रेत मिरवणाऱ्या उंच काठ्या, आपले नंदीध्वज, म्हणजे तो योगदंड आणि गड्डा, आपली जानेवारीतली जत्रा, म्हणजे ते लग्न. सायली हे ऐकून "असं का?" विचारेल. मलाही लहानपणी पडलेला प्रश्न आहे आणि आईनं तेव्हा "गप जेव" असं उत्तर दिलं होतं. तू काहीतरी बरं उत्तर शोध.

लग्नाचा कार्यक्रम तुला आठवत असेल, तरी लिहितो, कारण तुझ्यावर भरवसा नाही. १३ जानेवारीला सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत गावभर फिरतात. १४ ला संमती कट्ट्यावर अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कमरेला पट्टा बांधून एवढी उंच काठी तोलणारा घामानं निथळलेला गडी, आणि मग "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की हजारो हातांतून तांदूळ उडतात. १५ ला होम. बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, मंगळसूत्र घालून तिला अग्नीला देतात. त्या रात्री वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू पुढ्यात ठेवलेल्यापैकी कशाला तोंड लावतं त्यावरून यंदा काय महागणार ते ठरतं. गेली काही वर्षं त्याला कष्ट द्यायची गरज नाही, सगळंच महागलंय.

आणि १२ तारखेला चार हुतात्म्यांना हार घालायला माणसं येतात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३१ साली ह्याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं. शाळेत आपण ही चार नावं एका दमात म्हणायचो. मला वाटायचं, गड्डा जवळ आला म्हणून सगळं गाव रस्त्यावर उतरतं. दोन्ही दिवस एकमेकांना चिकटून आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आज देवळात गर्दी होती. आपल्या देवळाला बेट म्हणायचं तर थोडं उदार व्हावं लागतं, पुलावरून चालत जातो आपण, नाव नाही की नावाडी नाही. कठड्याशी उभा राहिलो. समोर किल्ल्याची भिंत पाण्यात उतरलेली, बुरुजावर बगळे. पाण्याला हिरवा तवंग आहे, ते लपवत नाही. एका आजोबांनी निर्माल्याची पिशवी गाठ मारून अख्खीच पाण्यात भिरकावली. मी म्हटलं, "आजोबा, हे तळं माणसांनी हातानं खणलंय." ते म्हणाले, "म्हणूनच टाकूलालोय, आपलंच हाय की!" यावर तू काय बोलला असतास?

तू जिथं चप्पल पाण्यात घालवली होतीस ती पायरीही बघितली. पाणी तिच्या दोन पायऱ्या खाली आहे. तुझी चप्पल अजून तळाशी असणार. घंटा नाही तर चप्पल, प्रत्येक तळ्यात काहीतरी बुडालेलं असतंच. ही गोष्ट सायलीला नक्की सांग, तिला सिद्धरामापेक्षा हीच जास्त आवडेल.

यंदा जानेवारीत या. पोरीला तिकडं घंटा वाजवायला मिळाली, इथं अक्षता टाकायला मिळतील. गड्ड्यात मौत का कुआँ बघू, भजी खाऊ, तू पाळण्यात बसायला अजून घाबरतोस का तेही कळेल. मामाच्या शेतात तेव्हा हुरडा असेल. ती हुरडा खात असताना मल्लय्याची गोष्ट तूच सांगायची, मी तोंड उघडणार नाही. मात्र ११ च्या आत पोच. १२ पासून रस्ते बंद होतात आणि रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. तिकीट काढलंस की कळव, आई शेंगाचटणी कुटायला घेणार आहे आणि किती कुटायची ते तिला आधी सांगावं लागतं.

तुझा,
अन्या