मोरपिसात निळा रंग नसतोच

केंब्रिज, रविवार

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

चिवडा पोचला. अर्धा डबा प्रयोगशाळेतच फस्त झाला.

"नेमकं करतेस काय गं तिकडे?" हे तुला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते. देवघरात कृष्णामागे खोचलेलं मोरपीस आठव. तुझी येवल्याची पैठणी विटली, पीस मात्र निळं ते निळंच. कारण त्यात निळा रंग नाहीच! इथल्या बागेतल्या मोराचं गळलेलं पीस मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि खालून उजेड सोडला, तर नुसतं तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं.

आपले केस ज्यानं काळे होतात त्या मेलॅनिनच्या बारीक काड्या त्यात जाळीसारख्या रचलेल्या असतात. दोन काड्यांत साधारण 140 नॅनोमीटर अंतर असलं की निळा उजेड उलटून येतो, 150 झालं की हिरवा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. दहाच्या फरकानं मोराचा गळा निळ्याचा हिरवा होतो, बघ! पीस भिजलं की ही झळाळी जाते, हे रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1665 मध्येच लिहून ठेवलंय.

आफ्रिकेत पोलिया नावाचं रोप आहे. त्याचं फळ असंच धातूसारखं निळं चमकतं, वाळून वर्षानुवर्षं पडलं तरी. त्यात नुसत्या सेल्युलोजच्या पिळदार थरांची करामत आहे, हे इथल्याच मंडळींनी 2012 मध्ये दाखवलं. सेल्युलोज म्हणजे आपला कापूसच की. मी तो आम्लात मुरवते, उरलेले स्फटिक पाण्यात कालवून बशीत ओतते. पाणी उडतं तसे ते आपणहून पिळात रचले जातात आणि तळाशी रंगीत पापुद्रा उरतो, रंगाचा थेंब न घालता. प्लॅस्टिकच्या चमकीऐवजी तो वापरायचा बेत आहे. साडीला लावण्याइतका लवचिक मात्र अजून होत नाही.

परवा घाईनं एक बशी हीटरजवळ ठेवली. सकाळी चार तुकडे! उडदाचे पापड सावलीत वाळवायला तू का सांगायचीस, ते तेव्हा कळलं.

देवघर पुसताना पिसाला ओलं फडकं लागलं आणि निळं गेलं, तर घाबरू नकोस. वाळू दे, येईल परत.

तुझी,
मनी