बांडगूळ काढा, पण वेळ पाहून

महोदय,

कोकणातल्या आंबा बागांत बांडगूळ माजले की दोष फुलटोच्या या इवल्या पाखराच्या माथी येतो. बी तोच पसरवतो, हे खरेच. पण ते कसे पसरते हे नीट पाहिले, तर बांडगूळ आटोक्यात कसे ठेवायचे तेही कळते आणि पाखरे हुसकावण्याची गरज उरत नाही.

टिकेलचा फुलटोच्या जेमतेम 8 सेंटिमीटरचा, मळकट राखी, फिकट चोचीचा. दिसण्याआधी त्याची चिक-चिक ऐकू येते. बांडगुळाचे पिकले फळ तो गिळतो आणि काही मिनिटांतच चिकट बी बाहेर पडते. ते बुडाला चिकटते, म्हणून पक्षी बूड फांदीवर घासतो आणि बी सालीवर पक्के बसते. जाड चोचीचा फुलटोच्या गर खाऊन बी चोचीनेच फांदीला पुसतो. दोन्ही तऱ्हांत बरेचसे बी त्याच किंवा शेजारच्या झाडावर पडते. बागेला खरा धोका दूरच्या रानाचा नसून बांधावरच्या दुर्लक्षित रायवळाचा, म्हणजे कलम न केलेल्या गावठी आंब्याचा आहे. शेजाऱ्यांनी मिळून छाटणी केली तरच उपयोग.

छाटणी पाऊस सरल्यावर, मोहोर येण्याआधी करावी. तेव्हा बांडगुळाची फळे पिकलेली नसतात आणि घरटीही नसतात. नुसता पाला ओरबाडला तर ते पुन्हा फुटते, कारण त्याची शोषक मुळे लाकडात शिरलेली असतात आणि काही सालीवरून पुढे सरकून नव्याने चिकटतात. जिथे ते रुतले आहे त्याच्या वीतभर खालून फांदीच कापावी. जखमेला बुरशी लागू नये म्हणून 10 टक्के बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची हवीत. लोखंडात तांबे उतरते आणि पेस्ट बिघडते. तयार पेस्टमध्ये लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवावा.

रानातल्या आणि देवराईतल्या बांडगुळाला मात्र हात लावू नये, असे आम्हाला कळकळीने वाटते. सालिम अलींनी 1931 सालीच कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्यांचा वाटा लिहून ठेवला आहे. बांडगुळाची तयार कळी पक्ष्याच्या चोचीने दाबली की उघडते आणि पराग पक्ष्याच्या कपाळाला लागतात. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्याही याच पानांवर वाढतात.

फेब्रुवारी ते जूनमध्ये कोणतीही डहाळी तोडण्याआधी एकदा खालून निरखून पाहावे. फुलटोच्याचे घरटे म्हणजे मऊ तंतू आणि कोळ्याच्या जाळ्याची लोंबती तांबूस पिशवी असते, दार वरच्या बाजूला. ती वाळल्या पानासारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. आत साधारण दोन पांढरी अंडी असतात. अशी डहाळी पिल्ले उडेपर्यंत राहू द्यावी.

– आपले, काही पक्षीनिरीक्षक बागायतदार, रत्नागिरी