ग्रीस कोण घालणार, हे विचारणाऱ्या मिस्त्रींना

ती. मिस्त्री काका,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडे बटणांचा फोन, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर नातवाच्या मोबाइलवरून. त्याने ते संध्याकाळी, शटर ओढायच्या वेळी वाचून दाखवावं. दुपारी नको, दुपारी तुम्ही कुणाचं ऐकत नाही.

आमचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर वडिलांनी १९८३ साली घेतलेला. सिम्पसनच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाने आजवर कधी दगा दिला नाही. पण स्टिअरिंग पाव फेरी रिकामं फिरायचं आणि कडब्याची ट्रॉली जोडून बार्शी रोडला लागलो की पुढची चाकं हडहडायची. आई मागे बसायचीच बंद झाली होती. त्याआधी एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला होता. चार दिवस बरं वाटलं, मग चाक मधोमध जड लागायला लागलं आणि रिकामा प्ले होता तेवढाच राहिला.

तुम्ही मात्र बॉक्सला हातच लावला नाही. इंजिन बंद ठेवून मला सीटवर बसवलंत, "हळूहळू डावं-उजवं कर" म्हणालात आणि स्वतः खाली बसून एकेका जॉइंटवर तळहात ठेवत गेलात. नंतर जागा बदलली: तुम्ही सीटवर, मी खाली. डाव्या ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या बॉल जॉइंटवर हात ठेवला आणि तळव्याला टकटक लागली. इतकी वर्षं हा ट्रॅक्टर चालवतोय, पण तो असा हाताला कधी लागला नव्हता. मग एक्सल जॅकवर घेऊन टायर वर-खाली धरून हलवायला लावलात. हब हलला तर बेअरिंग, हबसकट स्पिंडल (चाक ज्यावर वळतं तो उभा दांडा) हलली तर बुश, म्हणजे तिच्याभोवतीची नळी, झिजलेला. आमची स्पिंडल हलत होती, दोन्हीकडची.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते झोंबलं होतं. "शनिवारी मारुतीला तेल घालतोस, याला ग्रीस कोण घालणार?" काका, मी घालत होतो. दर आठवड्याला, ग्रीसगन घेऊन. पण तुमच्यापुढे तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॉल जॉइंट काढलात. त्याच्या टेपरवर, निमुळत्या खुंटीवर, हातोडा हाणून आटे मोडलेले मी खूप पाहिलेत. तुम्ही ती खुंटी बसते त्या आर्मच्या डोळ्याला एका बाजूने एक हातोडा टेकवलात, समोरून दुसरा मारलात, दोन-तीन ठोक्यांत जॉइंट आपसूक खाली. स्पिंडल निघाली आणि तुम्ही एकदम गप्प झालात. वरचा एक आणि खालचा एक असे दोन बुश हवेत, मधे ग्रीसला जागा हवी. आमच्यात मागे कुणीतरी लेथवर एकच लांब बुश घडवून ठोकला होता, आणि ग्रीस भरायच्या निपलसमोर भोकच पाडलं नव्हतं. माझं सगळं ग्रीस निपलपाशीच अडत होतं. तुम्ही बुश माझ्या हातात दिलात. "तुझी चूक नाही रे," एवढंच म्हणालात आणि चहा सांगितलात. आभार मानायचे ते खरं तर या वाक्याचे. कारण भावकीत सगळे म्हणत होते की मी ट्रॅक्टरची हेळसांड केली, बापाचा ट्रॅक्टर मोडीत काढला.

स्पिंडल एका बाजूने घासून अंडाकृती झाली होती. मी म्हटलं, भरून घेऊ, वेल्डिंग करून लेथवर उतरवू, पैसे वाचतील. तुम्ही मापाचा व्हर्नियर खिशात टाकलात आणि सांगितलंत, "स्टिअरिंगला वेल्डिंग माझ्या दुकानात होत नाही. दुसरीकडे जा." म्हणून मी पुण्याला नाना पेठेत गेलो, दोन स्पिंडली, बुश आणि बॉल जॉइंट घेऊन आलो. एक बॉल जॉइंट हाताने सहज फिरत होता म्हणून तुम्ही परत पाठवलात, त्या खेपेचं भाडं माझ्याच माथी! मजुरीतही एक रुपया सोडला नाहीत, तेही इथे लिहून ठेवतो.

टो-इनचं, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळवून लावायचं, काम मी वहीत उतरवून घेतलंय. या गाडीला दोन्ही चाकांना वेगळी ड्रॅग लिंक, दोघांना जोडणारा एक रॉड नाही. म्हणून आधी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजायच्या, निम्म्यावर आणून थांबायचं आणि मगच एकेक लिंक लावायची. हबच्या उंचीला टेप धरायची. पुढचं माप मागच्यापेक्षा किंचित कमी. शेवटी स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून घालणाऱ्या पोराच्या पाठीत तुम्ही घातलेला धपाटाही वहीत आहे.

आता चाक हललं की टायर हलतो. परवा आई ट्रॉलीत बसून सोमवारच्या बाजाराला आली, उतरताना काही बोलली नाही, म्हणजे ठीक असणार.

पुढचा एक्सल मधोमध ज्यावर झुलतो त्या सेंटर पिनलाही थोडा प्ले आहे, ती पेरणीआधी काढू, असं तुम्ही म्हणाला होतात. मृगाच्या आधी आठ दिवस गाडी घेऊन येतो. तो बिनभोकाचा बुश आमच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलाय. भावकीतलं कुणी आलं की आधी तो हातात देतो.

आपला,
१०३५वाला

ता. क. दहा नंबरचा पाना माझ्या टूलबॉक्समध्ये आलाय. तो तुमचाच आहे, पोरावर ओरडू नका.