फी भरेल त्याचंच पोरगं खेळणार, मग टीम कशी घडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेची पुरुषांची सॉकर टीम हरली की दरवेळी तेच ऐकायला मिळतं, इथली दणकट पोरं बास्केटबॉल नाहीतर अमेरिकन फुटबॉलला जातात, मग सॉकरला उरतंय कोण. मला हे अजिबात पटत नाही. अर्जेंटिनाचा मेस्सी आणि क्रोएशियाचा मॉड्रिच दोघंही पावणेसहा फुटांच्या आतले, बास्केटबॉलमध्ये त्यांना कोणी घेतलंच नसतं. क्रोएशियाची लोकसंख्या ४० लाखांच्या आत, तरी २०१८ ला फायनल आणि २०२२ ला तिसरा नंबर. ३३ कोटींच्या देशात पोरं कमी पडतात हे कारण होऊच शकत नाही.

खरं कारण फी आहे. मी न्यू जर्सीत राहतो, मुलगा इथल्या एका क्लबकडून खेळतो. वर्षाची फी दोन हजार डॉलरच्या पुढे, त्यात युनिफॉर्म वेगळा, टूर्नामेंटसाठी दुसऱ्या राज्यात जायचं तर पेट्रोल, हॉटेल, आईबापाची सुट्टी हे सगळं आपलं आपण बघायचं. आमच्या टीममध्ये डॉक्टर, इंजिनिअर, वकिलांचीच पोरं आहेत. आणि जवळच्या पार्कात संध्याकाळी लॅटिनो कामगारांची पोरं खेळतात, त्यातली काही आमच्या पोरांपेक्षा कितीतरी सरस आहेत, पण त्यांना बघायला कोणी कोच येत नाही, कारण त्यांच्याकडून क्लबला मिळणार काय?

बाकी जगात मिळतं. खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे असा फिफाचा नियमच आहे, म्हणून छोट्या गावातला क्लबसुद्धा गरिबाचं पोरगं शोधून फुकट शिकवतो. अमेरिकेत सॉकर फेडरेशनने कोर्टकचेरीच्या भीतीने हा नियम वर्षानुवर्षे बाजूला ठेवला. २०१४ साली अमेरिकेचा खेळाडू डीआंड्रे येडलिन टॉटनहॅम या इंग्लिश क्लबला गेला, त्याला लहानपणी शिकवणारा सिएटलजवळचा क्लब आपला वाटा मागत फिफापर्यंत गेला, अशी वेळ यावी हेच वाईट आहे. घडवण्याचे पैसे मिळत नसतील तर क्लब फीवरच जगणार ना.

म्हणून मग अमेरिकेला दुसऱ्यांनी घडवलेली पोरं घ्यावी लागतात. अमेरिकेकडून खेळणाऱ्यांतला डेस्ट नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा, अँटोनी रॉबिन्सन इंग्लंडच्या एव्हर्टनचा, मुसा आणि बालोगुन तिथल्याच आर्सेनलच्या अकादमीतले. आणि इथला पुलिसिक १६ व्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला जाऊ शकला तो युरोपियन युनियनमधल्या क्रोएशियाचा पासपोर्ट होता म्हणून.

वरून लीगची रचना अशी की खालचा क्लब कितीही जिंकला तरी एमएलएसमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढू शकत नाही, तिथे जागा विकत घ्यायची असते, सॅन डिएगोने त्यासाठी ५० कोटी डॉलर मोजले, आणि एकदा आत गेलं की शेवटचा नंबर आला तरी खाली जायची भीती नाही. एमएलएसच्या बहुतेक अकादम्या आता फुकट आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण एवढ्या मोठ्या देशात त्या मूठभर शहरांतच, बाकीच्या पोरांनी जायचं कुठे?

बायकांच्या टीमने चार वर्ल्डकप जिंकले हे उदाहरण लोक लगेच देतात, पण शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान संधी देणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे इथल्या मुलींना कॉलेजात खेळायला मिळालं तेव्हा कितीतरी देशांत मुलींच्या फुटबॉलला फारसा वाव नव्हता. पुरुषांमध्ये तशी आघाडी कधीच नव्हती. २०१० ला घाना, २०१४ ला बेल्जियम, २०२२ ला नेदरलँड्स, तिन्हीवेळा राउंड ऑफ १६ ला, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्याच मॅचला, गाशा गुंडाळला, आणि २०१७ ला त्रिनिदादकडून हरल्यामुळे तर पुढच्या वर्षीच्या वर्ल्डकपला जाताच आलं नाही. कोच बर्हाल्टर जाऊन पोचेटिनो आला म्हणून यातलं काही बदलत नाही.

तुमच्या क्रीडा पानावर कोच आणि फॉर्मेशनबद्दल भरपूर येतं, एकदा या फीबद्दलही सविस्तर छापा ही विनंती.

आपला नियमित वाचक,
न्यू जर्सी