रेवाचे विषय आणि सायलीचा प्रश्न

एडिसन, न्यू जर्सी
8 फेब्रुवारी 2026

ती. स्व. दादास,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की नेमकं तुझ्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि बोलणं अर्धवट राहतं, म्हणून आज लिहायलाच बसले. बाहेर बर्फ साठलाय, मला ड्यूटी नाही, रेवा लायब्ररीत गेलीय. तुझं म्हणणं असं, की फार्मसीला जाणारी पोरगी भाषण करायला शिकते, अर्थशास्त्र शिकते, आणि आता म्हणे मातीची भांडी करणार. हे शिक्षण आहे की टाइमपास? सायलीचाही मेसेज आलाय, ‘आत्या, तिकडे विषय आपले आपण निवडायचे म्हणजे नक्की काय करायचं?’ दोघांना मिळून हे एकच उत्तर. आईला वाचून दाखव, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा भाग गाळलास तरी चालेल.

आपल्याकडे बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, नंबर लागला की पहिल्या दिवसापासून तू फार्मसीचा विद्यार्थी. विषय छापून आलेले, वेळापत्रक भिंतीवर. इथे फार्मसिस्ट व्हायचं तर फार्म.डी. ही एकच पदवी, ती सहसा चार वर्षांची, आणि तिच्या आधी निदान दोन वर्षं साध्या कॉलेजात काढावी लागतात. काही ठिकाणी, रटगर्ससारख्या विद्यापीठात, शाळा संपल्यावर थेट सहा वर्षांचीही वाट आहे. पण सतराव्या वर्षी आमच्या रेवाला पत्रकार व्हायचं होतं, त्यामुळे ती वाट तिची नव्हती. ती आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजात आहे. तिथली फी विद्यापीठाच्या मानाने खूपच कमी, आणि घरचं जेवण मिळतं हे वेगळंच.

या आधीच्या वर्षांना प्री-फार्मसी म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी ती खरं म्हणजे एक यादी आहे. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, ऑरगॅनिकचे दोन, बायोलॉजी, मायक्रोबायोलॉजी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, बऱ्याच ठिकाणी फिजिक्स. शिवाय इंग्रजी लेखन, भाषणकला, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र, आणि वर दोन-तीन विषय आपल्या आवडीचे. गंमत म्हणजे ही यादी प्रत्येक फार्मसी कॉलेजची निराळी. एकाला मायक्रोबायोलॉजी प्रयोगासह हवी, दुसरं ती मागतच नाही. कोणी बायोकेमिस्ट्री आधीच करून या म्हणतं. सायन्सचे विषय फार जुने झाले तर ते न धरणारीही कॉलेजं आहेत. म्हणून रेवाने आमच्या जेवणाच्या टेबलावर चौकटींचा एक मोठा कागद चिकटवलाय. उभ्या रांगेत कॉलेजं, आडव्या रांगेत विषय, आणि चौकटीत फुल्या. त्यावर आमटीचे डाग पडलेत, पण घरातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज तोच.

आता सायन्सचं. इथे विषय सुटे दिसतात, पण केमिस्ट्री सुटी नाही. जनरलचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसरा झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. त्यात लहान कॉलेजात ऑरगॅनिकचा पहिला भाग बहुधा ऑगस्टच्या सत्रातच असतो. तो हुकला की वर्ष गेलं. म्हणून केमिस्ट्री आधी खिळ्याने ठोकायची, बाकीचे विषय तिच्या आजूबाजूला बसवायचे. अ‍ॅनाटॉमी, मायक्रो, फिजिक्स हे पुढेमागे सरकवता येतात.

दुसरा हिशोब लॅबचा. सायन्सचा एक विषय म्हणजे सहसा चार क्रेडिट, त्यात आठवड्याला तीन तासांचं प्रॅक्टिकल. कागदावर तीन सायन्स विषय म्हणजे बारा क्रेडिट, अगदी सोपं दिसतं. प्रत्यक्षात तीन दुपारी लॅबमध्ये, आणि तीन रात्री त्यांचे रिपोर्ट लिहिण्यात. रेवाच्या बाबांचा, सुहासचा, आग्रह होता की दोन वर्षांत उरकून टाक, कशाला रेंगाळायचं. मी हट्टाला पेटले. एका सत्रात दोनच लॅब, तिसरी नाही, आणि दोनाऐवजी तीन वर्षं लागली तरी लागू देत. दोन महिने घरात यावर धुसफूस चालली. शेवटी त्या चौकटींच्या कागदावर त्यालाच दोन वर्षांचं वेळापत्रक बसवायला लावलं, तेव्हा तो गप्प झाला.

माझा मुद्दा आळसाचा नव्हता. इथे अर्ज बहुतेक करून फार्मकॅस नावाच्या एकाच सामायिक यंत्रणेतून जातात, आणि ती सायन्सच्या विषयांची सरासरी वेगळी काढते. एखादा विषय पुन्हा करून चांगली ग्रेड मिळवली तरी आधीची पुसली जात नाही, दोन्ही मोजतात. म्हणजे मातीकामात ‘ए’ मिळवून ऑरगॅनिकचा ‘सी’ झाकता येत नाही, दादा. इथल्या आपल्या मंडळींत एक सल्ला सर्रास देतात, की इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचे विषय, सोपे घ्यायचे म्हणजे ग्रेड वर जाते. मला हा सल्ला अर्धाच पटतो. पूर्वी पीकॅट नावाची प्रवेशपरीक्षा होती, तिच्या मार्कांनी थोडं सावरून नेता यायचं. ती जानेवारी 2024 नंतर बंदच झाली. आता ट्रान्स्क्रिप्ट (म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची गुणपत्रिका), शिफारसपत्रं आणि मुलाखत एवढंच हातात.

ऑरगॅनिकबद्दल एवढंच सांगते, की पोरं घाबरतात ती उगाच नाही. पण गेल्या सत्रात त्यांनी लॅबमध्ये अ‍ॅस्पिरिन केलं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड, आम्लाचे चार थेंब, गरम पाणी, मग बर्फात. रेवा नाकावर गॉगलचे वळ घेऊन घरी आली आणि सांगायला लागली, की फेरिक क्लोराइड घातल्यावर तिच्या नळीत जांभळा रंग आला, शेजारणीच्या नळीत आला नाही. मी पोळ्या लाटत होते. तिथूनच म्हटलं, तुझं सॅलिसिलिक अ‍ॅसिड शिल्लक राहिलंय, पुन्हा विरघळवून स्फटिक कर. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मी फार्मसी शिकले त्या कराडच्या लॅबमध्ये तीच बाटली, तोच जांभळा रंग. तिला आई म्हणजे दुकानात काउंटरवर लेबलं चिकटवणारी एवढंच माहीत होतं. त्या दिवसापासून प्रश्न मला विचारते.

आता तुझ्या टाइमपासकडे येते. भाषणकलेचा विषय ती रडत रडत घ्यायला गेली. पत्रकार व्हायचं होतं ते लिहिण्यापुरतं, चार लोकांत बोलायची वेळ आली की हिचा घसा कोरडा. एक भाषण ‘करून दाखवा’ प्रकारचं होतं. तिने विषय घेतला इनहेलर. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत घेता घेता दाबायचा, दहा सेकंद धरून ठेवायचा, आणि स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. पाच मिनिटांचं काम. पण घरी सराव करताना माझ्यासमोर तिने आधी दाबलं आणि मग श्वास घेतला, म्हणजे औषध सगळं जिभेवर. माझ्या काउंटरवर वर्षानुवर्षं दमा असलेले लोक हेच करतात. तुझ्याकडेही करत असतील, एकदा कुणालातरी करून दाखवायला सांग.

इथे 1990 च्या एका केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावरच्या, पेशंटला औषध समजावून सांगायची तयारी दाखवणं फार्मसिस्टवर बंधनकारक केलं, आणि बहुतेक राज्यांनी तो नियम सगळ्यांनाच लावला. शिवाय लस टोचण्याचा अधिकार आता पन्नासही राज्यांत फार्मसिस्टला आहे. अनोळखी माणसाला बाही वर करायला सांगून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे असतात. मला मात्र ते समजावून सांगण्याची परवानगी नाही, कारण मी टेक्निशियन, म्हणजे फार्मसिस्टच्या हाताखालची मदतनीस. म्हातारा माणूस विचारतो, ही गोळी दुधाबरोबर चालेल का, मला उत्तर ठाऊक असतं, आणि मी तोंड मिटून फार्मसिस्टला हाक मारते. म्हणून भाषणकलेला कोणी हसलं की माझं डोकं फिरतं.

स्टॅटिस्टिक्सचा उपयोग तर तुला पहिला. तुझ्याकडे औषध कंपनीचा एमआर चकचकीत पत्रक घेऊन येतो ना, ‘धोका 50 टक्क्यांनी कमी’? शंभरात दोघांना होणारा त्रास एकालाच झाला, तरी तो 50 टक्केच. शंभरातल्या नव्याण्णवांना गोळी घेऊन न घेऊन फरक काहीच नाही. रेवा हे शिकली त्या रात्री टीव्हीवरच्या प्रत्येक जाहिरातीला ‘किती जणांत?’ म्हणून ओरडत होती. इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांच्याही जाहिराती टीव्हीवर लागतात, त्यामुळे करमणुकीला तोटा नाही.

अर्थशास्त्र मी तिला मुद्दाम घ्यायला लावलं. आपल्याकडे स्ट्रिपवर एमआरपी छापलेली, घासाघीस झालीच तर दहा टक्के सुटीची. इथे पाकिटावर किंमतच नसते. एकाच गोळीला एका विम्यावर पाच डॉलर, दुसऱ्यावर साठ, आणि विमा नसेल तर विचारू नकोस. किंमत ऐकून औषध काउंटरवरच सोडून जाणारा माणूस मी रोज बघते. ते का होतं, हे फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात सापडत नाही.

सगळ्यात चांगला निघाला तो नीतिशास्त्राचा विषय, आणि तो तिने निव्वळ वेळ सोयीची म्हणून घेतला होता. त्यात 1937 चं इथलं प्रकरण होतं. सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायचं म्हणून ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, चव आणि रंग तपासला, विषारीपणा तपासलाच नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. त्यातून 1938 चा कायदा आला, की बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा. रेवा म्हणाली, बरं झालं, तेव्हापासून हे थांबलं. मी म्हटलं, 1986 साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमध्ये हेच ग्लायकॉल निघालं आणि 14 पेशंट दगावले. लेंटिन चौकशी आयोग त्यावरच बसला होता. आम्हाला कराडला सर हे सांगायचे, पण परीक्षेला येत नाही म्हणून कोणी वहीत उतरवून घेत नव्हतं. रेवाने शेवटचा निबंध या दोन घटनांवर लिहिला. आणि गेल्या वर्षी मध्य प्रदेशातल्या कफ सिरपची बातमी आली, तेव्हा तिनेच मला फोन करून सांगितलं, ‘आई, पुन्हा तेच.’

राहता राहिलं मातीकाम. त्याचा फार्मसीशी काही संबंध नाही, आणि मी तो ओढूनताणून लावणारही नाही. तिला आवडतं, एक विषय मोकळा आहे, चाकावर हात बरबटवून येईल. त्या सत्रात ऑरगॅनिक नाही, एवढं मी बघितलंय.

आता सायलीसाठी, आणि हे नीट वाच. ‘बी.फार्म. करून आत्याकडे येते’ असं ती म्हणाली, तर थांब. इथे बाहेरच्या पदवीधरांना एफपीजीईई ही परीक्षा द्यावी लागते, आणि 1 जानेवारी 2003 नंतर पदवी घेतलेल्याचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा हवा, अशी तिची अट आहे. आपलं बी.फार्म. चारच वर्षांचं. माझी पदवी 2004 ची. माझ्या दोन वर्षं पुढे असलेल्या मुली इथे पांढरा कोट घालून उभ्या आहेत, आणि मी त्यांच्या हाताखाली. भारतात 2008 पासून सहा वर्षांची फार्म.डी. सुरू झालीय, ती या अटीत बसते. पुढेमागे बाहेर जायचा विचार असेल तर हा फरक आत्ताच कळायला हवा. जायचं नसेल, तुझंच दुकान सांभाळायचं असेल, तर बी.फार्म. उत्तम आहे आणि दोन वर्षं वाचतात. माझ्याकडे बघून तिने काही ठरवू नये, आणि माझ्यामुळे घाबरूही नये.

विषय निवडायची मुभा तिला तिथे मिळणार नाही, पण बारावीची परीक्षा आणि सीईटी झाली की निकालापर्यंत वेळच वेळ. तेव्हा तिला संध्याकाळी दोन तास दुकानात बसव. गल्ल्यावर नको, पुढच्या बाजूला, लोक चिठ्ठी घेऊन येतात तिथे. औषध तूच दे, पण कधी घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, हे तिला बोलू दे, तू शेजारी उभा राहून ऐक. सुरुवातीला चुकेल. वहिनी म्हणतील मुलीला उगाच राबवतोस, त्यांना मी समजावते.

तिच्या मनात असलेल्या कॉलेजांची नावं पाठव, आणि प्रत्येक ठिकाणी फार्म.डी. आहे का आणि ते कुठल्या हॉस्पिटलशी जोडलेलं आहे ते विचारून ठेव. कारण शेवटचं वर्ष वॉर्डातच काढायचं असतं, आणि हॉस्पिटल नावापुरतं असेल तर त्या वर्षाला अर्थ नाही. रविवारी तुझं दुकान बंद झाल्यावर फोन करते. आईच्या थायरॉइडच्या गोळीची वेळ तेवढी बघ, ती चहाबरोबर घेते असं मागे म्हणाली होती. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने.

वहिनींना नमस्कार, सायलीला परीक्षेसाठी आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
सुमी